मत सार्वजनिक, वाहन खासगी

पुणे शहराचे पुढे काय होणार, ह्या प्रश्नावर मत नसलेला पुणेकर अद्याप आमच्या पाहण्यात आलेला नाही. मेट्रो कोठून न्यावयास हवी होती, उड्डाणपूल कोणत्या चौकात चुकला, गहुंज्याची खेळपट्टी कशी असावी आणि मिसळीचा रस्सा कोठला अस्सल, ह्या चारही विषयांवर तो सारख्याच अधिकाराने आणि बहुधा एकाच बैठकीत बोलतो. ह्या गुणाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. ज्या शहराला मत नाही ते शहर मुके असते, आणि मुक्या शहराच्या माथी काहीही मारता येते. परंतु शहरे मतांनी घडत असती, तर पुण्याइतके सुघटित शहर पृथ्वीच्या पाठीवर दुसरे आढळले नसते. वस्तुस्थिती तशी नाही, हे सकाळी नऊ वाजता कोणत्याही चौकात उभे राहणाऱ्यास सांगावे लागत नाही. एरवी आतल्या पानावर शोभावा असा हा विषय आज आम्ही पहिल्या पानावर घेतला आहे, तो एवढ्याचसाठी, की तो टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. शहर घडते ते नागरिकांच्या रोजच्या सवयींनी. पुण्याचा सुशिक्षित मध्यमवर्ग मत देतो ते सार्वजनिक हिताचे, आणि सवय पाळतो ती खासगी सोयीची. बस सुधारली पाहिजे असे तो म्हणतो आणि दुचाकीला किक मारतो. मुलांना मैदाने हवीत असे म्हणतो आणि सोसायटीच्या आवारातली मोकळी जागा मोटारींसाठी आखून घेतो. जुनी उपाहारगृहे गेली म्हणून हळहळतो आणि जेवावयास जाताना पहिला प्रश्न विचारतो तो वाहनतळाचा. कारभारी मंडळी फार धोरणी असतात. ती मत व्यासपीठावर ऐकून घेतात आणि निधी सवयीला देतात. मग नव्या पुलाच्या कोनशिलेवर ज्यांची नावे कोरली जातात त्यांना बोल लावून काय उपयोग? तो पूल मागितला कोणी, हेही एकदा पाहिले पाहिजे.

पुलांची आयुर्मर्यादा

पुण्याची नगरपालिका १८५७ सालची. तिची महानगरपालिका १९५० साली झाली. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पाच लाखांच्या आतबाहेर होती. ते शहर सायकलींचे होते. कारकून आणि प्राध्यापक, विद्यार्थी आणि गिरणीकामगार एकाच प्रकारच्या वाहनावरून जवळजवळ एकाच वेगाने जात, आणि रस्त्यावर कोणाचाही मोठेपणा दिसून येत नसे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांचे संसार वाहून गेले आणि पूरग्रस्तांच्या वसाहतींच्या रूपाने शहर गावकुसाबाहेर पसरू लागले. पुढे पिंपरी-भोसरीचे कारखाने आले, त्यानंतर हिंजवडी-खराडीचे संगणक उद्योग आले. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेच्या हद्दीत ३१ लाख माणसे मोजली गेली. १९९७, २०१७ आणि २०२१ अशा तीन खेपांस भोवतालची गावे शहराच्या पोटात घालण्यात आली. गाव हद्दीत यावयास एक अधिसूचना पुरते. तेथे पाणी, गटार आणि बस यावयास एक पिढी लागते, हा आपला अनुभव आहे.

योजनांची वाण मात्र नव्हती. १९६६, १९८७ आणि २०१७ असे तीन विकास आराखडे ह्या शहरास मिळाले. त्यांपैकी १९८७ च्या आराखड्यात उच्च क्षमतेच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी एक वर्तुळाकार मार्ग आखलेला होता. त्याची लांबी सुमारे ३६ किलोमीटर. तो आजवर कागदावरून खाली उतरलेला नाही. ह्याच्या शेजारी विद्यापीठ चौकातील उड्डाणपुलाची कथा मांडून पाहावी. तो पूल मोटारींच्या सोयीसाठी तत्परतेने उभा राहिला, आणि मेट्रोच्या आड येतो म्हणून २०२० साली पाडण्यात आला. त्याचे वय तेव्हा पुरते पंधरा वर्षांचेही नव्हते. चांदणी चौकातील जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी उडविला गेला, आणि तो पडताना पाहण्यासाठी सारे शहर जागे राहिले. ज्या शहरात वाहनांसाठी बांधलेले पूल उभारून पाडण्यापर्यंत मजल जाते आणि माणसांसाठी आखलेला मार्ग जवळजवळ चार दशके नकाशातच राहतो, त्या शहराचा प्राधान्यक्रम कोणता हे निराळे सांगावयास नको.

ह्यात आणखी एक गोष्ट घडली, तिची नोंद अवश्य केली पाहिजे. २०१७ साली निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मेट्रोचे मार्ग सुरू झाले, नदीकाठाचे रूप पालटू लागले, टेकडीतून रस्ता नेण्याचा आग्रह धरला गेला. आणि ह्या काळात नागरिकाचे मत जेथे अधिकृतपणे नोंदविले जावयाचे ते दालन रिकामे होते. मते होती, ती ऐकण्यास बांधील असा माणूस नव्हता. मतप्रिय शहराने ही गोष्ट इतक्या निमूटपणे सोसावी, ह्याचे आम्हांस आजही नवल वाटते.

बस कोणासाठी?

शहर वाहतुकीची पीएमटी १९५० सालापासूनची. पिंपरी-चिंचवडची सेवा निराळी होती. २००७ साली दोहोंचे एकत्रीकरण होऊन आजची पीएमपी जन्मास आली. दररोज दहा लाखांच्या आसपास प्रवासी तिच्यातून जातात. हे प्रवासी कोण? पहाटे कोथरूड-औंधच्या घरांत धुणीभांडी करावयास येणारी बाई, रात्रपाळी संपवून परतणारा रखवालदार, कंत्राटी कामगार, महाविद्यालयातील विद्यार्थी आणि ज्यांचा वाहन चालविण्याचा परवाना वयाने काढून घेतला आहे असे वृद्ध. हे दहा लाख लोक थांब्यावर उभे असतात, आणि बसविषयीची मते मात्र बहुतांशी त्यांची असतात जे वर्षानुवर्षे बसमध्ये चढलेले नाहीत. आमच्या नगरव्यवस्थेतले हे मोठे व्यंग आहे.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर ह्या रस्त्यावर बससाठी स्वतंत्र मार्गिका सुरू झाली. देशातला तो पहिला प्रयोग होता. त्याच्या आखणीत दोष होते; थांबे रस्त्याच्या मध्यभागी आणि तेथवर सुखरूप पोहोचण्याची सोय अपुरी, ही तक्रार खरी होती. परंतु दोष दुरुस्त करावयाचा की प्रयोगच मोडावयाचा, असा प्रश्न जेव्हा जेव्हा आला, तेव्हा तेव्हा मोटारीच्या काचेआडून एकच स्वर निघाला: आमचा रस्ता बसला का दिलात? पन्नास-साठ माणसे घेऊन जाणारी बस रस्त्यावर दोन मोटारींपेक्षा फारशी अधिक जागा अडवीत नाही, आणि त्या दोन मोटारींत मिळून बहुधा तिघेजण बसलेले असतात. हिशेब तिसरीतल्या मुलासही करता येण्याजोगा आहे. तरीही नगर रस्त्यावरील मार्गिका पुढे उखडून टाकण्यात आली, आणि कोंडी फुटल्याचा आनंद कोणासही फार दिवस लाभला नाही.

सुशिक्षित माणूस बस का सोडतो, ह्याचेही उत्तर आम्ही त्याच्या आळशीपणात शोधीत नाही. ते हिशेबात आहे. १ जून २०२५ पासून पीएमपीचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. ह्या दहा रुपयांत पाच किलोमीटरपर्यंत जाता येते. त्या वेळी पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर होते, आणि साधारण दुचाकी लिटरमागे पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर चालते. म्हणजे पाच किलोमीटरला दहा-अकरा रुपयांचे पेट्रोल. एकट्या माणसास दोन्ही खर्च सारखे. नवरा-बायको दोघे निघाली तर बसला वीस रुपये लागतात आणि दुचाकीला तेच दहा-अकरा. त्यातून बसची वाट पाहण्यात किती वेळ जाईल ह्याचा भरवसा नाही, आणि दुचाकी दाराशी फुकट उभी राहते. ह्या गणितात मनुष्य दुचाकी निवडणार नाही तर काय करणार? २०१८ साली शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन माणसांच्या संख्येस मागे टाकती झाली, ह्यात आश्चर्य ते कोणते?

परंतु गणित बदलता येते. वाहन फुकट उभे करण्याची सोय ही काही निसर्गाची देणगी नव्हे. ती सार्वजनिक जमीन आहे आणि तिला मोल आहे. २०१८ सालीच महापालिकेने रस्त्यावरील वाहनांस शुल्क लावण्याचे धोरण पुढे आणले, तेव्हा विरोधाची अशी लाट उसळली की ते मूठभर रस्त्यांपुरते आटोपते घ्यावे लागले. बसचे भाडे दुप्पट होऊ शकते आणि टिकूही शकते; रस्त्यावर मोटार उभी करण्याचे शुल्क मात्र कागदाबाहेर येऊ शकत नाही. धुणे धुणाऱ्या बाईने पाच रुपये अधिक मोजावेत आणि मोटारवाल्याने काही मोजू नये, असा ठराव कोणी मांडला असता तर त्याची छीथू झाली असती. ठराव न मांडताच तो अमलात आला आहे.

मैदान दूर गेले

खेळाच्या बाबतीत पुण्याचा वारसा मोठा आहे. ज्याला आज जग बॅडमिंटन म्हणते तो खेळ येथील छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांत ‘पूना’ ह्या नावाने ओळखला जाई. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने खो-खोच्या नियमांची घडी बसविली. त्याच जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांतून आणि सर दोराबजी टाटा ह्यांच्या पुढाकाराने १९२० सालच्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदी खेळाडू पाठविण्याची कल्पना आकारास आली. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या. ब्रॅडमनच्या विक्रमास केवळ नऊ धावा उरल्या असता प्रतिपक्षाच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. ह्या आठवणी पुणेकर अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्त आहे.

प्रश्न आहे तो हे खेळ पाहण्याच्या आणि खेळण्याच्या जागांचा. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी नेहरू स्टेडियमवर केनियाने विश्वचषकाच्या सामन्यात वेस्ट इंडीजला अवघ्या ९३ धावांत गुंडाळून ७३ धावांनी हरविले. ते मैदान स्वारगेटच्या एस.टी. स्थानकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. खेड्यातून एस.टी.ने आलेला शेतकऱ्याचा मुलगा आणि सदाशिव पेठेतला पेन्शनर, दोघांनाही तेथे जाण्यास स्वतःचे वाहन लागत नसे. २०१२ साली मोठे सामने द्रुतगती मार्गालगतच्या गहुंज्यास गेले. मैदान देखणे आहे, कसोटी सामनेही तेथे झाले. पण तेथवर जाणे हा सामन्याइतकाच दमवणारा खेळ होऊन बसला. ऑक्टोबर २०२४ मधील न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशी उन्हात बसलेल्या प्रेक्षकांस पिण्याचे पाणी पुरले नाही आणि आयोजकांस क्षमा मागावी लागली. हजारो माणसे जेथे जमावयाची तेथे ती पोहोचणार कशी आणि पाणी पिणार काय, हा विचार मागाहून करण्याची आपली रीत येथेही सुटली नाही. बालेवाडीचे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ साली तेथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. संकुलाची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु पेठेतल्या दहा वर्षांच्या मुलास संकुलापेक्षा गल्लीच्या टोकाचे मैदान अधिक उपयोगी असते; आणि त्या मैदानावर कधी मांडव असतो, कधी प्रदर्शन असते, कधी कुलूप असते.

मैदाने आकसली तेव्हा पुणेकरांस टेकड्यांनी सांभाळले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढावयास वर्गणी लागत नाही, वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर किंवा तळजाईवर कोणी प्रवेशपत्र मागत नाही. ह्या शहराची ती सर्वांत मोठी व्यायामशाळा आहे. बालभारती ते पौड फाटा हा रस्ता टेकडीच्या अंगाने नेण्याचा बेत पुढे आला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये हजारो नागरिक रस्त्यावर उतरले. त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. मात्र त्याच वेळी एक प्रश्न विचारल्याविना राहवत नाही. तो रस्ता कोणासाठी आखला गेला? विधि महाविद्यालय रस्त्यावरची कोंडी फोडण्यासाठी. ती कोंडी कोण करतो? टेकडी वाचवावयास जाताना आपण कोणत्या वाहनाने गेलो, एवढे जरी प्रत्येकाने मनाशी आठवले, तरी टेकडीचे रक्षण निम्मे झालेच म्हणून समजावे.

पंगत आणि पदपथ

आता खाण्याकडे वळू. ह्या विषयात पुणेकराचे मत सर्वांत तिखट असते. काही वाचकांस वाटेल की, नगरविकासाच्या गंभीर चर्चेत मिसळ आणि बनमस्का कशाला? परंतु उपाहारगृह हे शहराच्या बैठकीची खोली आहे. १९३५ ह्या एकाच वर्षी लक्ष्मी रस्त्यावर मूकपटांच्या जमान्यातील दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार ह्यांनी पूना गेस्ट हाउस काढले आणि डेक्कनच्या चौकात इराणी पद्धतीचे गुडलक सुरू झाले. एकात नाटक-सिनेमाची माणसे थालीपिठाच्या साक्षीने बसली, दुसऱ्यात विद्यार्थी एका चहावर दोन तास वाद घालीत राहिले. फर्ग्युसन रस्त्यावरील जगन्नाथ शेट्टी ह्यांचे वैशाली कित्येक पिढ्यांच्या मैत्रीचा पत्ता ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये शेट्टी निवर्तले, तेव्हा साऱ्या शहराने घरचा माणूस गेल्यासारखे दुःख केले. पितळी पातेल्यात उकळणारी अमृततुल्ये तर प्रत्येक पेठेच्या नाक्यावर. ह्या साऱ्या जागांत एक गोष्ट समान होती: तेथे माणूस चालत येई, आणि जागा नसेल तर अनोळखी माणसाच्या टेबलाशी बसे. अशा टेबलाशी शहराचे मत घडत असे.

आज नवी उपाहारगृहे बाणेर-बालेवाडीकडे, महामार्गांच्या कडेला पसरत आहेत. पदार्थ उत्तम असतील, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण ‘चव कशी?’ ह्याच्या आधी ‘पार्किंग आहे काय?’ असा प्रश्न येऊ लागला, की उपाहारगृह शहराचे न राहता वाहनधारकांचे होते. त्याच वेळी जुन्या भागात सदाशिव आणि नारायण पेठांतल्या अभ्यासिकांत बसून स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी हजारो मुले-मुली महिन्याच्या खानावळीवर आणि डब्यावर दिवस काढीत आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेल्या ह्या मुलांची ‘बाहेरचे खाणे’ ही चैन नव्हे, गरज आहे. त्यांच्यासाठी स्वस्त पंगत आणि चालता येईल असा पदपथ ह्या दोन गोष्टी म्हणजेच पुणे होय.

पदपथाचा विषय निघाला की मध्यमवर्गाचा राग हातगाडीवाल्यावर निघतो. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांस ठरावीक जागा नेमून देण्याची व्यवस्था सांगितली आहे. ती नीट अमलात आणली तर पादचारी आणि विक्रेता दोघांचेही भागेल. पदपथावर चढवून ठेवलेल्या दुचाकीसाठी मात्र कोणताही कायदा जागा देत नाही, आणि तिच्यावर कोणी रागावत नाही. २०२१ पासून दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर ‘पादचारी दिन’ साजरा होऊ लागला. वर्षातून एक दिवस पायी चालणाऱ्याचा सत्कार करावयाचा, आणि उरलेले दिवस त्यास गटाराच्या झाकणावरून चालवावयाचे, हा उत्सवप्रियतेचा नमुना खास आपलाच.

२०२५ च्या आरंभी सिंहगड रस्त्याच्या परिसरात गीयाँ-बारे ह्या मज्जातंतूंच्या आजाराने दोनशेच्या घरात माणसे ग्रासली गेली, काही दगावली. त्या दिवसांत शहराने काय केले? पनीर सोडले, कोंबडी सोडली, पाणीपुरीच्या गाड्या ओस पाडल्या. संशयाची सुई मात्र दूषित पाण्याकडे वळत होती. आणि रुग्णांचा मोठा भाग किरकटवाडी, नांदेड अशा, २०२१ साली हद्दीत घेतलेल्या पण शुद्ध पाण्याची पुरेशी व्यवस्था न पोहोचलेल्या गावांकडचा होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. ताटातल्या पदार्थाविषयी आपले मत तत्काळ बनते. ते ताट ज्या पाण्याने धुतले गेले त्याची चौकशी करण्यास आपणांस सवड नसते.

उत्सवाचा दाखला

तर मग हे शहर सुधारणे अशक्य आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही, आणि ह्याचा पुरावा ह्याच शहराने दिलेला आहे. मेट्रोचा पहिला टप्पा ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हा ती हौसेची सहल होती. वनाझ-रामवाडी मार्ग मार्च २०२४ मध्ये पुरा जोडला गेला, आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी दुसरा मार्ग कसबा पेठ आणि मंडईच्या खालून, नदीच्या पात्राखालून स्वारगेटला पोहोचला. दोन्ही मिळून सुमारे ३३ किलोमीटरचे जाळे झाले. पुढच्या, म्हणजे २०२५ च्या गणेशोत्सवात मानाचे गणपती पाहावयास उपनगरांतील कुटुंबेच्या कुटुंबे भुयारी मार्गाने पेठांत आली. अनंत चतुर्दशीच्या एका दिवशी पाच लाखांहून अधिक प्रवाशांनी मेट्रोचा आश्रय घेतला. ह्यांत मोटारवाले नव्हते काय? होते. त्यांनी कोणाचे व्याख्यान ऐकून वाहन घरी ठेवले काय? मुळीच नाही. पेठांतील रस्ते वाहनांस बंद होते, गाडी उभी करावयास जागा नव्हती, आणि भुयारातली गाडी वेळेवर येत होती. तीन गोष्टी जुळल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची म्हणून सांगितली जाणारी सवय दहा दिवसांत बदलली. स्थानकातून बाहेर पडलेला माणूस दोन-तीन मैल सहज चालला, वाटेत त्याने मिसळ खाल्ली, अनोळखी माणसाशी बोलला आणि तृप्त होऊन घरी गेला. वर्षातले दहा दिवस जे शहर असे चालू शकते, त्याने उरलेले दिवस अडून बसावे ह्याला अक्षमता म्हणता येणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. मुख्य रस्त्यांवर बससाठी स्वतंत्र मार्गिका द्यावी. तिचे यश किती मोटारी सुटल्या ह्यावर न मोजता किती माणसे पोहोचली ह्यावर मोजावे. प्रत्येक मेट्रो स्थानकापासून दहा मिनिटांच्या चालीपर्यंतचे पदपथ अखंड आणि मोकळे करावेत. जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ होऊ शकले, ते इतरत्रही होऊ शकतात. रस्त्यावर उभ्या केलेल्या वाहनास शुल्क लावावे आणि तो पैसा बसच्या फेऱ्या वाढविण्यासाठीच राखून ठेवावा. गहुंज्याच्या तिकिटातच बसचे भाडे अंतर्भूत असावे. महापालिकेच्या शाळांची मैदाने संध्याकाळी वस्तीतल्या मुलांस उघडी करावीत. टेकड्यांस हात लावू नये. आणि नवे गाव हद्दीत घेण्यापूर्वी जुन्या गावांस शुद्ध पाणी दिले काय, ह्याचा जबाब सभागृहात मागितला जावा. ह्यांतील एकाही गोष्टीस अलौकिक बुद्धी लागत नाही. लागतो तो निर्णय टिकविण्याचा धीर, आणि तो धीर कारभाऱ्यांस सुशिक्षित नागरिकच देऊ शकतात.

वाचकांस आमची विनंती ह्याहून अधिक कठीण आहे. बसविषयी मत देण्याचा आपला हक्क अबाधित राहो. मात्र आठवड्यातून दोन दिवस तरी बसने जाऊन तो हक्क पक्का करावा. जो थांब्यावर उभा राहतो त्याची तक्रार कारभाऱ्यास झटकता येत नाही. ज्या दिवशी वकील, प्राध्यापक, अभियंता आणि त्यांच्या घरी कामास येणारी बाई एकाच थांब्यावर एकाच बसची वाट पाहतील, त्या दिवसापासून ती बस वेळेवर येऊ लागेल. पुण्यात आजवर पुष्कळ थोर माणसांनी मते मांडली. त्यांतली जी टिकली, ती मांडणाऱ्याने स्वतः आचरली म्हणून टिकली. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या शहराने एवढे तरी करून दाखवावे.